स्वयंपाकघरातला सी ड्राइव्ह

मला एक खोड आहे. कुणाच्याही घरी, कुणाच्याही ऑफिसात कॉम्प्युटर दिसला की आधी त्याच्या सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली ते मी बघते. बसा म्हणेपर्यंत धीर नसतो. पाण्याचा ग्लास एका हातात आणि दुसरा हात माउसवर. नवरा म्हणतो, लोक दुसऱ्यांच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघतात, ही बाई मशीनचं पोट बघते. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये आज इतकी मोकळी जागा आहे की त्या वेळचं आमचं सगळं ऑफिस त्यात शंभरदा मावेल. तरी चैन पडत नाही. दिवसातून दोन-तीनदा आकडा बघते, आणि तो जरासा खाली आला असला की उगाच काहीतरी पुसत बसते.

ही खोड लागली रायपूर नव्यानं राजधानी झालं तेव्हा. राज्य नवीन, खाती नवीन, आणि बसायला जागा कुणालाच नाही. आमच्या ऑफिसला शंकर नगरात एक राहता बंगला भाड्यानं मिळाला होता. साहेब बेडरूममध्ये, शाखा हॉलमध्ये, फायली जिन्याखाली आणि मोरीच्या दाराशी. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, कारण मिक्सरसाठी केलेला तो एकच प्लग धड होता. ओट्यावर प्रिंटर, खाली जिथं गॅसची टाकी ठेवायची तिथं कागदांचे गठ्ठे, आणि खिडकीत कूलर. मी बावीस वर्षांची, रेल्वेतल्या बापाची लेक, तीन-तीन महिन्यांच्या हुकमावर लागलेली ऑपरेटर. बसून राहणं माझ्या स्वभावातच नव्हतं आणि काम नेमकं बसण्याचं मिळालं होतं.

मशीन आलं त्या दिवशीची गोष्ट. बसवणाऱ्यानं ते चालू केलं आणि सांगितलं की आत दोन भाग आहेत, सी आणि डी. साहेब दारात उभे होते. म्हणाले, "तो एक हमारे लिए रखिए." झालं. आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, त्याच दिवशी नोटशीटवर लिहून घेतलं: सी ड्राइव्ह स्थापना शाखेस, म्हणजे आम्हाला, आणि डी ड्राइव्ह माननीय साहेबांस. खाली सही, शिक्का. खोल्यांचं, कपाटांचं, टेबलांचं वाटप रोज तसंच होत होतं, त्यात हेही बसून गेलं. सी दोन जीबीचा. डी त्याच्या तिप्पट, आणि रिकामा. साहेबांनी त्यात कधी एक ओळसुद्धा ठेवली नाही, पण आम्हाला तिकडे बघायचीही सोय नव्हती.

बडे बाबू मूळचे आमच्यातलेच, विदर्भातल्या घराण्यातले. नोकरी सगळी भोपाळला झालेली. राज्याची वाटणी झाली तेव्हा माणसांचीही झाली आणि त्यांचं नाव इकडे आलं. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती एक मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, तिची शाळा भोपाळला, म्हणून तिला बहिणीकडे ठेवून हे एकटे इथं एका खोलीत राहायचे. मितभाषी माणूस. माझ्याशी मात्र मराठीत बोलायचे, तेवढ्यापुरता आवाज मऊ व्हायचा.

एक दिवस हुकूम आला. ज्यांना परत भोपाळला जायचं आहे त्यांनी कारणासह अर्ज द्यावेत, आणि सगळ्या अर्जांची यादी करून पाठवावी. त्या यादीवरच ठरणार होतं कोण परत जाईल आणि कोण इथंच राहील. आमच्या शाखेतून ती निघायची होती, इतर चार कार्यालयांची मिळून. नाव, पद, नोकरीची वर्षं, कारण, शेरा. दीडशेच्या वर पानं, आणि ती टाइप करायची मी.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात बसस्टँड झालं. जो तो माझ्या पाठीशी उभा. माझं नाव आलं का, कारण नीट लिहिलं का, आईच्या मोतीबिंदूचं घातलं का. एक जण तर रोज येऊन आपल्या नावाची ओळ उघडायला लावायचा आणि देवदर्शन झाल्यासारखा जायचा. बडे बाबू सगळ्यांना एकच सांगायचे की लाइनीत या, सिफारिश चालणार नाही. त्यांनी स्वतः अर्ज दिलेला नव्हता. मी एकदा विचारलं, "बडे बाबू, तुमचा काहून नाही? पोरगी तिकडे आहे ना?"

ते म्हणाले, "देईन ना. आधी लोकायचे होऊ दे. यादी करणाऱ्यानं आपलं नाव आधी घातलं तर लोक काय म्हणतीन?"

मी खांदे उडवले. मला माझी काळजी होती. यादी जसजशी वाढत होती तसतशी सीमधली जागा आटत होती. माय कॉम्प्युटर उघडायचं, सीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. एक गोल दिसायचा. भरलेला भाग निळा, मोकळा गुलाबी. सुरुवातीला गुलाबी पाचर चांगली रुंद होती. मग ती पट्टी झाली, मग रेघ. दोनशे दहा एमबी. एकशे चाळीस. नव्वद. मी सकाळी आल्याआल्या बघायचे, चहा पिऊन बघायचे, जेवून बघायचे. घरी गेले तरी डोळ्यांसमोर तो निळा गोल. आई भाकरी थापायची आणि मला त्यात पाचर दिसायची. हसू नका, जीव खरंच टांगणीला लागला होता.

मी हात धुऊन मागे लागले. आधी खेळ काढले. पत्त्यांचा गेला तेव्हा कॅशिअर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग वॉलपेपर, मग सीडीवरून कुणीतरी चढवलेला इंग्रजी शब्दकोश. मग एकदा मी अतिशहाणपणा केला. फाँटच्या फोल्डरमध्ये एकसारख्या नावांच्या दोन-दोन फायली दिसल्या, म्हटलं जुळ्या आहेत, एकेक उडवू. दुसऱ्या क्षणी सगळ्या यादीतलं हिंदी गेलं आणि तिथं इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा दिसायला लागला. शेकडो माणसांची नावं, आजार, म्हाताऱ्या आया, सगळ्याचा चिवडा. चौकातल्या टायपिंगवाल्याकडून फ्लॉपीवर तो फाँट आणला तेव्हा कुठे माणसं परत माणसं झाली.

मुख्य अडचण वेगळीच होती. सरकारी ऑफिसात कागद असा फेकता येत नाही. तो नष्ट करायचा तर त्याची यादी लागते, नोटशीट लागते, साहेबांची सही लागते. बडे बाबूंनी हाच नियम कॉम्प्युटरला लावला. मी एखादी जुनी फाइल डिलीट केली आणि ती कचऱ्याच्या पेटीत, त्या रिसायकल बिनमध्ये गेली, इथवर त्यांची हरकत नव्हती. "तिथं राहू दे," ते म्हणायचे. "सहा महिने झाले का मग साहेबांची सही घेऊन मोकळं करू."

मी म्हणायचे, "अहो, पेटीसुद्धा सीमध्येच आहे! तिथं ठेवलं म्हणजे काढलं नाही. घरातला कचरा घरातच राहिला."

"मले काय समजते त्यातलं," ते शांतपणे म्हणायचे. "पण नष्ट करणं म्हणजे नष्ट करणं असते पोरी. उद्या कोणी विचारलं तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पेटीत अकराशेच्या वर फायली साठलेल्या, जवळजवळ दोनशे एमबी, आणि मी बाहेर किडूकमिडूक पुसत बसलेली. तरीही शिस्तीत यादी केली, नोटशीट लिहिली, साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब दौऱ्यावर. आले, परत गेले. नोटशीट तिथंच पेपरवेटखाली.

पाठवायचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या गाडीनं खास माणूस बॅग घेऊन भोपाळला जाणार होता; चार वाजता बॅगेला लाखेचं सील लागणार होतं. सकाळी साडेदहाला मी छापायला लावलं. सहा पानं आली आणि प्रिंटर थांबला. पुन्हा लावलं, दोन पानं आली. मग स्क्रीनवर खिडकी आली की सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. अकरा एमबी उरले होते. मशीन बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, छापायच्या आधी मशीन प्रत्येक पान सीमध्ये उतरवून घेतं, तिथंच जागा नसेल तर ते छापणार कसं? डी मोकळा असेल तर सामान तिकडे हलवा.

डीवर हात लावायची माझी छाती झाली नाही. आज सांगताना हसू येतं. नोटशीटवर शिक्का होता आणि माझा हुकूम आठ दिवसांत संपत होता. मी उठले, बसले, ओट्याभोवती दोन चकरा मारल्या. बडे बाबू हॉलमध्ये इतर कार्यालयांचे मूळ अर्ज लावत बसले होते. मग मी पेटी उघडली.

सगळी फायलींची रांग समोर आली. जुन्या जुन्या तारखा, चार महिन्यांपूर्वीच्या, पाचच्या. आणि वरच एक, आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला टाकलेली. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'स्वयं'. मी पाच वाजताच घरी जायचे, म्हणजे ती मी टाकलेली नव्हती. मला ते दिसलं, हे मी आज कबूल करते. मी थांबले, दोन सेकंद असेल. वाटलं, बडे बाबूंना विचारावं. पण विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मी पेटी रिकामी करतेय, आणि त्यांनी मला थांबवलं असतं. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं? मी हो म्हटलं.

गुलाबी पाचर परत आली. मला इतकं हलकं वाटलं की मी शिपायाला सगळ्यांसाठी चहा सांगितला. "हव दीदी," म्हणत तोही पळाला. प्रिंटर धाडधाड पानं टाकायला लागला. दोन वाजता शेवटचं पान पडलं.

लोक सह्यांसाठी स्वयंपाकघरात जमले होते. बडे बाबू डबा खाऊन आले, माझ्या मागे उभे राहिले. म्हणाले, "पाच मिनिटं मले बसू दे ना जरा." मी उठले. त्यांनी एका बोटानं माउस हलवत नेला, आणि कचऱ्याची पेटी उघडली. रिकामी खिडकी. त्यांनी ती बंद केली. पुन्हा उघडली.

"पोरी, यातलं कुठी गेलं?"

"काढून टाकलं. त्याशिवाय छापत नव्हतं." मी तोऱ्यातच होते. "नोटशीटची वाट पाहिली असती तर बॅग रिकामी गेली असती."

ते खुर्चीतून उठले नाहीत. मग हळूच म्हणाले, "त्यात एक माझं होतं."

आणि मी भडकले. खोटं कशाला सांगू, मी भडकले. "कचऱ्यात कोणी ठेवते काय! कामाची वस्तू कोणी कचऱ्यात ठेवते काय, बडे बाबू?" सगळ्यांसमोर. दारातला शिपाई खाली बघायला लागला.

"बाहेर ठेवलं तर सगळे पाह्यतात," ते म्हणाले. "कचऱ्यात कोणी पाहत नाही."

तेव्हा उलगडा झाला. दोन महिने, आम्ही सगळे गेलो की हा माणूस माझ्या खुर्चीत बसायचा. पेटीतून आपला अर्ज बाहेर काढायचा, दोन बोटांनी एखादी ओळ घालायचा, एखादी खोडायचा, आणि पुन्हा पेटीत टाकून घरी जायचा. त्या दिवशी तो अर्ज छापून, सगळ्यांचे झाल्यावर, शेवटी बडे बाबू यादीत आपलं नाव घालणार होते.

तीन वाजायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, सांगा, मी टाइप करते, अर्ध्या तासात होईल. ते बाजूच्या स्टुलावर बसले. सुरुवात त्यांनी धडाधड सांगितली. प्रति, विषय, संदर्भ, नेमणुकीची तारीख, असलं सगळं त्यांना तोंडपाठ. मी विचारलं, "कारण काय लिहू?"

त्यांनी वर पाहिलं. ओट्याशी तिघं उभे होते, दाराशी दोघं. सगळ्यांचे कान इकडेच. त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले, हवेत काहीतरी करतात असं वाटलं, आणि पुन्हा खाली गेले.

"पारिवारिक कारण लिही," ते म्हणाले.

मी स्वतः ती यादी टाइप केली होती. 'पारिवारिक कारण' एवढंच लिहिणाऱ्यांच्या पुढे शेऱ्यात काय लिहिलं जातं ते मला ठाऊक होतं. त्या पाच जणांना मी हाकलून लावायला हवं होतं. माझ्या जिभेला एवढी धार, तेव्हा नेमकी कुठे गेली कोण जाणे. मी 'पारिवारिक कारणों से' टाइप केलं, एक पान छापलं, यादीला शेवटची ओळ जोडली. चार वाजता बॅगेला लाख लागली.

जुनी फाइल परत मिळते का, हे मी दुसऱ्याच दिवशी मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लगेच सांगितलं असतं तर बघितलं असतं, पण त्या जागेवर तुम्ही दीडशे पानं उतरवलीत, आता काय राहिलं असणार.

माझा हुकूम वाढला. वेळेत यादी गेली म्हणून साहेबांनी बोलावून शाबासकी दिली. पुढे बऱ्याच जणांचे परत जायचे हुकूम आले. मोतीबिंदूवाली आई ज्याची होती तोही गेला, जाताना पेढे देऊन गेला. बडे बाबूंच्या अर्जावर एका ओळीचं उत्तर आलं. ठोस कारण नहीं. डाक मी उघडायचे, म्हणून मीच ते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, आवक क्रमांक घातला, आणि फाइलला लावलं.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि त्यांची बहीण मुलीला घेऊन रायपूरला आली. खोलीत उकाडा, म्हणून बडे बाबू तिला एक दिवस ऑफिसात घेऊन आले आणि माझ्या कूलरसमोर बसवून गेले. दोन वेण्या, निळा पंजाबी ड्रेस, मांडीवर हिंदी गोष्टींचं पुस्तक. मी विचारलं, कितवीत गं तू? ती नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं. मग तिनं हॉलकडे पाहिलं, हात उचलले, आणि तिकडून, टेबलापलीकडून, बडे बाबूंनी हातांनीच उत्तर दिलं.

मी बघतच राहिले. दिवसाला दहा वाक्यं न बोलणारा माणूस. त्यांचे हात थांबेनात. बोटं, मनगटं, भुवया, सगळं चाललं होतं, आणि पोरगी मध्येच हसत होती, मध्येच त्यांना तोडत होती. शनिवारी आमचे सगळे भोपाळवाले एसटीडीच्या दुकानासमोर रांग लावायचे आणि बडे बाबू बाजूनं निघून जायचे. आम्ही म्हणायचो, काय दगड आहे, एकुलत्या एक लेकीला फोन करत नाही. फोनवर ते तिच्याशी बोलणार तरी कसे होते? एवढ्या दिवसांत बाप-लेकीचं एका शब्दाचंही बोलणं झालेलं नव्हतं.

ते पाणी प्यायला आत आले तेव्हा मी विचारलं, "हे लिहिलं होतं काय त्यात?"

"हव," ते म्हणाले. "सगळं लिहिलं होतं. तिची माय गेल्यावर हिच्यासंग बोलणारा मी एकटाच आहे, बहिणीले एवढं जमत नाही, सगळं. असं लोकायसमोर सांगता येत नाही ना पोरी. लिहिता येते."

मला रडू फुटेल असं वाटलं आणि रागही आला, त्यांचा, माझा, डी ड्राइव्हच्या त्या एका शिक्क्याचा. तेवढ्यात मुलीनं बापाची बाही ओढली आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. त्यांनी हातांनी सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"काय विचारते?"

"तू कोण म्हणून."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, मी परत यावं म्हणून हिनंच माझा अर्ज टाइप करून दिला."

मुलगी उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात जोडले. मला तिची भाषा येत नव्हती, म्हणून मी तिला खरं सांगू शकले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले आहे. पण ओट्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, पेन होतं, आणि ती आठवीतली मुलगी हिंदी चांगलं वाचत होती. मी कागद उचलला, प्रिंटरमध्ये सरकवला आणि पुढचं पान छापायला लावलं.